कलम कोणते, सही कुणाची?

वाचकांचे प्रश्न : इंटरनेट, ऑनलाइन धंदा आणि सरकारी नियम

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. नियम जाचतो आहे हे प्रत्येकाला कळते, पण तो कुठल्या कागदात, कुठल्या कलमात आहे हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. चुकीच्या नियमाला विरोध तिथूनच करता येतो, म्हणून उत्तरांत कलमे आणि तारखा मुद्दाम दिल्या आहेत.

आम्ही तिघे मित्र डिचोली तालुक्यातल्या प्रश्नांवर यूट्यूब चॅनल चालवतो. खनिज ट्रकांच्या धुळीवरचा आमचा एक व्हिडिओ अचानक दिसेनासा झाला. दुबईतल्या भावाला मात्र तो दिसतो. कारण कुणीच सांगत नाही. काय करावे?
— एक वाचक, डिचोली

भावाला दिसतो, तुम्हाला नाही, ही मोठी खूण आहे. यूट्यूबने स्वतःच्या नियमावर बोट ठेवून व्हिडिओ काढला असता, तर तो सहसा सगळीकडून गेला असता. कॉपीराइटचा दावा असता तर यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनलच्या कारभाराच्या पानावर) तशी नोंद आली असती आणि तिथूनच अपील करता आले असते. फक्त भारतात बंद असेल तर बहुधा सरकारी आदेशावरून बंद झाला आहे. चॅनलच्या मेल खात्यात, स्पॅमच्या कप्प्यातसुद्धा, 'कायदेशीर मागणी' असा उल्लेख असलेला मेल शोधा.

पहिल्याच दिवशी चार कामे करा. व्हिडिओच्या जागी येणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक आणि तारीख-वेळ दिसू द्या. मूळ व्हिडिओ पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. आलेला मेल पूर्ण हेडरसकट (मेलसोबतच्या तांत्रिक नोंदीसकट) जपा. आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने परत चढवू नका. लोक घाईत नेमके हेच करतात, आणि मग एका व्हिडिओचे प्रकरण अख्ख्या चॅनलवर जाते.

सरकारचा आदेश दोन वाटांनी येतो. पहिली वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ ची आणि तिच्याखालच्या २००९ च्या नियमांची. या नियमांतला आठवा नियम सांगतो की मजकूर टाकणारा माणूस किंवा मध्यस्थ कंपनी (इथे यूट्यूब) यांना नोटीस द्यावी आणि उत्तराला किमान ४८ तास द्यावेत. प्रत्यक्षात नोटीस कंपनीला जाते, तुम्हाला येत नाही, आणि सोळाव्या नियमातल्या गुप्ततेच्या अटीमुळे कंपनीही गप्प बसते. अपायाचे मूळ इथे आहे. ज्याचा आवाज बंद केला त्यालाच कारण सांगायचे नाही, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६९-अ कायम ठेवले ते कारणे लेखी नोंदवली जातात आणि त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येते, या आधारावर. कारणे दाखवलीच नाहीत तर आव्हान कशाला द्यायचे?

हुंडाप्रथेची टिंगल करणारे एक संकेतस्थळ २०१८ मध्ये असेच बंद झाले होते. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेशाची प्रत मालकाला देण्यास आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास सांगितले. तुमच्या पत्रात या आदेशाचा उल्लेख जरूर करा.

दुसरी वाट याच कायद्याच्या कलम ७९(३)(ख) आणि त्याखालच्या २०२१ च्या नियमांतल्या ३(१)(घ) ची. इथे सरकारी यंत्रणा कंपनीला 'हा मजकूर बेकायदा आहे' असे कळवते. कंपनीने ऐकले नाही तर तिचे कायदेशीर संरक्षण जाते. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना केंद्र वा राज्य सरकारात सहसचिव (हा हुद्दा नसेल तिथे संचालक) किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यायची आहे, पोलिसांकडून असेल तर उपमहानिरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नाही. तिच्यात कायद्याचे कलम आणि नेमकी लिंक हवी. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न विचारा : सही कोणत्या हुद्द्याची आहे?

पत्र लहान ठेवा. नमुना असा : 'अमुक लिंकवरील आमचा व्हिडिओ अमुक तारखेपासून भारतात दिसत नाही. हे कोणत्या कलमाखाली झाले, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा काय, आदेशाची तारीख कोणती, हे कळवावे आणि आदेशाची प्रत द्यावी. आम्हाला नोटीस मिळालेली नाही. आमचे म्हणणे ऐकून घ्यावे.' एक प्रत कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. दुसरी दिल्लीला, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयात, २००९ च्या नियमांखालच्या नियुक्त अधिकाऱ्याच्या नावे, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका करता येते. तेव्हा ही पोचपावतीच तुमचा पहिला पुरावा ठरते.

तक्रार अपील समितीकडे जाण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तिथे कंपनीच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते आणि कंपनीने स्वतःच्या नियमाखाली व्हिडिओ काढला असेल तेव्हा ती उपयोगी पडते. सरकारच्या आदेशाविरुद्ध सरकारनेच नेमलेल्या समितीकडून फार आशा धरू नका.

एखाद्या सरकारी खात्याने समाजमाध्यमावर तुमच्या व्हिडिओला 'खोटे' असा शिक्का मारला असेल, तर तो शिक्का म्हणजे आदेश नव्हे. असा शिक्का कायदेशीररीत्या बंधनकारक करू पाहणारी, २०२१ च्या नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, मग २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य ठरवली.

पोलीस ठाण्यातून फोन आला की तुमच्या ग्रुपवरची पोस्ट काढा आणि उद्या भेटायला या. मी अॅडमिन आहे. जायलाच हवे का?
— एक वाचक, वाळपई

फोन म्हणजे आदेश नाही. शांतपणे सांगा : 'लेखी नोटीस द्या, मी हजर राहतो.' चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली असते. ती व्हॉट्सअॅपवरून बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. लेखी नोटीस आली तर मात्र टाळू नका, वकिलाला सोबत घेऊन जा. फोन कुणी ताब्यात घेतला तर जप्तीचा पंचनामा मागा. नोटिशीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ दिसले, तर ते कलम २४ मार्च २०१५ लाच रद्द झाले आहे. तरीही ते जुन्या छापील नमुन्यांतून डोकावते, असे सर्वोच्च न्यायालयालाच पुढे नोंदवावे लागले होते.

नव्या नियमाचा मसुदा आल्याची बातमी येते आणि आपल्याला कळेपर्यंत मुदत संपलेली असते. आमच्यासारख्या दुकानदाराने हरकत पाठवून खरेच काही होते का? पाठवायची तर कशी?
— एक दुकानदार, म्हापसा

होते. सप्टेंबर २०१५ मध्ये सांकेतिक (एन्क्रिप्टेड) संदेशांबाबत एक मसुदा आला. त्यात लोकांनी आपले संदेश साध्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत अशी अट होती. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच मसुदा मागे गेला. त्याच वर्षी दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक मेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी संकेतस्थळागणिक डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी आली. २०२४ मध्ये यूट्यूबवर बोलणाऱ्यांनाही प्रसारणाच्या कायद्यात ओढणारा मसुदा बाजूला ठेवावा लागला. नव्या प्रत्येक फोनमध्ये सरकारी अॅप आधीच घालण्याचा २८ नोव्हेंबर २०२५ चा आदेश तर ३ डिसेंबरला मागे घेतला गेला.

आता कसे ते. राज्याचा मसुदा असेल तर गोव्याचे राजपत्र दर गुरुवारी निघते. नियम आणि कायदे पहिल्या मालिकेत असतात आणि अंक मुद्रण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. आठवड्यातून दहा मिनिटे अनुक्रमणिका चाळायची. व्यापारी मंडळाने हे काम एका तरुण सभासदाकडे सोपवले तर फारच उत्तम. असाधारण अंक मात्र कुठल्याही दिवशी निघतो, तो नजरेतून सुटतो. मुदत प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजली जाते, बातमी छापून आल्याच्या दिवसापासून नव्हे.

केंद्राच्या मसुद्यांसाठी ५ फेब्रुवारी २०१४ चे पूर्वविचारविनिमय धोरण किमान ३० दिवस सांगते. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळले जाईलच असे नाही. कमी दिवस दिले असतील तर हरकतीची पहिली ओळ मुदतवाढीच्या मागणीची ठेवा. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला तेव्हा १८ फेब्रुवारीची मुदत पुढे ५ मार्चपर्यंत वाढवण्यात आली होती. मूळ कायद्यातच 'आगाऊ प्रसिद्धीनंतर' नियम करावेत असे शब्द असतील, तर सामान्य वाक्खंड अधिनियम १८९७ चे कलम २३ लागू होते, आणि आलेल्या हरकती विचारात घेणे सरकारवर बंधनकारक ठरते. हे कलम पत्रात लिहा. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर ते उपयोगी पडते.

हरकत दोन पानांची पुरे. फार तर तीन कलमे निवडा. प्रत्येक कलमाखाली चार गोष्टी याव्यात : मसुदा काय म्हणतो, त्याने तुमच्या दुकानात काय होईल, नियमाचा हेतू दुसऱ्या कुठल्या सौम्य मार्गाने साधता येईल, आणि मसुद्यातले वाक्य बदलून कसे हवे. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. अधिकाऱ्याच्या टेबलावर मात्र तीच कामाची असते, कारण तयार वाक्य उचलणे सोपे.

समजा, मसुदा म्हणतो की प्रत्येक ऑनलाइन ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत पाच वर्षे ठेवा. मग असे लिहा : 'आमच्या दुकानातून महिन्याला ६० पार्सले जातात. एका ग्राहकामागे ४ मिनिटे धरली तरी महिन्याला ४ तास जातील. पाच वर्षांत ३,६०० लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती काउंटरमागच्या एका संगणकावर साठतील. तो चोरीला गेला तर या ३,६०० जणांचे नुकसान कोण भरून देणार? ही अट वर्षाला अमुक रुपयांपेक्षा कमी ऑनलाइन विक्री असलेल्या विक्रेत्यांना लागू नसावी.' आकडे खरे असू द्या, वहीतून काढलेले. 'हा नियम लोकशाहीविरोधी आहे' एवढेच लिहिलेले पत्र बाजूला पडते. एकाच मजकुराची शंभर पत्रेसुद्धा एकच हरकत म्हणून मोजली जाण्याचा धोका असतो.

शेवटच्या दिवसावर राहू नका, पोर्टल त्याच संध्याकाळी अडते. हरकत पीडीएफ करून जोडा, फोटो काढून नको. दूरसंचार नियामक आलेली मते प्रसिद्ध करतो. २०१५ मध्ये तर लाखो लोकांचे मेल-पत्तेही उघड झाले होते. म्हणून घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर मजकुरात घालू नका. राज्य सरकारला मराठीत लिहिण्यात काहीच अडचण नाही, १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा आहे. दिल्लीला पाठवताना इंग्रजी प्रत जोडलेली बरी.

मी आगळ, आमसुले आणि घरच्या शेतातली मिरची विकते. गोव्यात वर्षाला सहा-सात लाखांची विक्री होते, जीएसटी नोंदणी नाही. आता महाराष्ट्रातल्या बांदा, सावंतवाडीहून मागणी येते. ऑनलाइन विकायला गेले तर नोंदणी मागतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, पेडणे

दुर्दैवाने खरे आहे. ऑनलाइन जगताला न समजून केलेल्या नियमाचे हे ठळक उदाहरण आहे. तुम्ही पणजीला माल पाठवलात तर वस्तूंसाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा लागू, म्हणजे नोंदणी नको. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे बांद्याला एक बाटली आगळ पाठवलीत की जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. अंतर किती, विक्री किती, याला काही अर्थ नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून एक सूट आहे. मर्यादेखालचा विक्रेता नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचावरून वस्तू विकू शकतो, पण राज्यातल्या राज्यातच. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो एकाच राज्यासाठी मिळतो. म्हणजे गोव्यात विकायला तुम्ही आजच सुरू करू शकता.

मिरचीचे वेगळे आहे. स्वतःच्या जमिनीतले पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्या विक्रीपुरती कलम २३ खाली नोंदणीतून सूट आहे. शेताचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमीन-नोंदीचा कागद) हाताशी ठेवा आणि मिरचीची वही वेगळी लिहा. आगळ मात्र मीठ घालून केलेला, प्रक्रियेचा माल. तो या सवलतीत घुसवू नका. बाहेरून विकत घेतलेली कोकमे तर मुळीच नाही.

कुणी 'कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक दराची करयोजना) घ्या, सोपे पडते' म्हणेल. ऐकू नका, त्या योजनेत परराज्यात विकताच येत नाही. नेहमीची नोंदणीच घ्यावी लागेल. सरकारी फी नाही. अर्ज बहुतेकदा अडतो तो जागेच्या कागदावर, कारण वीजबिल आजोबांच्या नावावर आणि घर सगळ्या भावंडांचे. अशा वेळी घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचे साध्या कागदावरचे संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची १७ एप्रिल २०२५ ची सूचना क्रमांक ०३/२०२५ आपल्या अधिकाऱ्यांना बजावते की यादीबाहेरचे कागद मागू नयेत. अनावश्यक कागद मागितला तर उत्तरात तिचा क्रमांक टाका.

नोंदणी मिळाल्यावर खरी चूक पुढे होते. पावसाळ्यात विक्री शून्य, म्हणून विवरणपत्र भरायचे राहून जाते. शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. तिमाही भरण्याचा पर्याय सुरुवातीलाच निवडा, आणि मोबाईलवर तारखेची आठवण लावा.

सूट परराज्यातल्या छोट्या विक्रीलाही हवी, ही मागणी रास्त आहे आणि ती जीएसटी परिषदेच्या हातात आहे. तिथे राज्यांच्या मतांचे वजन मिळून दोन तृतीयांश असते, निर्णयाला तीन चतुर्थांश लागते, आणि गोव्याचे मत मोठ्या राज्याइतकेच मोजले जाते. पेडणे, सत्तरी, काणकोण हे सीमेवरचे तालुके. तिथल्या महिला स्वयंसाहाय्य गटांनी 'परराज्यातून आलेल्या किती ऑर्डरी नाकाराव्या लागल्या' याची सहा महिन्यांची यादी राज्य कर आयुक्तांकडे आणि आपल्या आमदारांकडे द्यावी. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना परराज्यातल्या थेट विक्रीसाठी अशी सवलत आधीच मिळालेली आहे. मग कोकमाला का नको, हा तुमचा युक्तिवाद. ती सवलत वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की माल कितीही थोडा असला तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागते.

तुमचा सगळ्याच नियमांना विरोध आहे का? फसवणूक झाली तर ग्राहकाने कुठे जायचे?
— एक प्राध्यापक, मडगाव

नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम घ्या. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्या, महिन्याभरात निवारण करा. हे नियम कुणाचे तोंड बंद करत नाहीत आणि प्रामाणिक दुकानदाराला त्यांचा त्रासही नाही. आमचा विरोध आहे तो कारण न सांगता बंदी घालणाऱ्या, छोट्याला मोठ्याच्या मापाने मोजणाऱ्या आणि सगळ्यांवर पाळत ठेवून एखाद्याला शोधणाऱ्या नियमांना.

आमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कर्मचारी घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून कंपनीशी जोडणाऱ्या खाजगी, सुरक्षित मार्गाने) काम करतात. त्यांची माहिती पाच वर्षे ठेवावी लागेल का?
— एक वाचक, पणजी

नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतली ती अट लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही, असे सरकारच्याच खुलाशात आहे. त्या अटीमुळे काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच बाहेर गेले. तुम्हाला लागू आहेत त्या दोन गोष्टी : सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे आणि १८० दिवसांचे लॉग (संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी) ठेवणे. सहा तासांत सगळा तपास होत नाही, तशी अपेक्षाही नाही. हाती असेल तेवढी माहिती पाठवा, बाकीची नंतर. लॉगसाठी जागा आधीच मोजा : एका आठवड्याचा आकार घ्या, २६ ने गुणा, वर थोडी जागा सोडा.

परीक्षेसाठी किंवा तणावामुळे इतर राज्यांत इंटरनेट बंद करतात. इथे तसे झाले तर आमच्या देवस्थानाजवळच्या दुकानांचे काय? सगळा व्यवहार आता क्यूआर कोडवर आहे.
— एक दुकानदार, फोंडा

हा आदेश केंद्राचा किंवा राज्याचा गृहसचिवच काढू शकतो. फारच अपरिहार्य परिस्थितीत अधिकार दिलेला सहसचिव काढू शकतो, पण त्याला २४ तासांत मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. जिल्हाधिकारी किंवा पोलीस निरीक्षकाच्या शब्दावर कंपनीने सेवा तोडणे बेकायदा आहे. काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, बंदी अनिश्चित काळ चालू शकत नाही, आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या व्यापारालाही घटनेचे संरक्षण आहे. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणे आदेशात कारण, क्षेत्र आणि मुदत लिहावी लागते, मुदत १५ दिवसांपलीकडे नाही, आणि पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा असतो. राजस्थानात शिक्षक भरतीच्या परीक्षेसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये इंटरनेट बंद केले होते. कॉपी रोखायला अख्ख्या जिल्ह्याचा बाजार थांबवणे कुठल्याच कसोटीवर बसत नाही.

तयारी म्हणून, बहुतेक वेळा मोबाईल डेटा बंद होतो, फायबर चालू राहते. म्हणून दोन-तीन दुकानांत मिळून एक फायबर जोडणी ठेवा आणि कार्डयंत्र वायफायवर चालणारे घ्या. ग्राहकाच्या फोनवर *९९# ही सेवा डेटाशिवाय चालते, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत, पण ग्राहकाचा बँकेतला नंबर त्याच सिमचा हवा आणि यूपीआय पिन आधी केलेला हवा. आणि नुकसानीचा हिशेब त्याच आठवड्यात करा : बंदीच्या दिवशी झालेली क्यूआर जमा, आणि आधीच्या चार आठवड्यांतल्या त्याच वारांची सरासरी. दोन्ही बँकेच्या विवरणपत्रातून काढा, वहीतल्या अंदाजावर नको. गृहखात्याकडे आदेशाची प्रत मागताना हा कागद सोबत जोडा. प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागा. उत्तराला ३० दिवस असतात, त्यानंतर पहिले अपील, ३० दिवसांच्या आत.